पाडुआ येथील हृदयविद्येचें माहेरघर

इटली देशास जाणारा प्रवासी बहुधा रोम पाहतो, फ्लोरेन्स पाहतो आणि व्हेनिसच्या कालव्यांतून नावेंत बसून हिंडतो. त्याच व्हेनिसहून आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंतबाहेर जेथें पोंचतां येतें, त्या पाडुआ गांवीं उतरणारे आपल्याकडील लोक मात्र थोडे. जे उतरतात ते संत अँतनीच्या भव्य देवालयासाठीं, किंवा जोत्तो या चित्रकारानें सातशें वर्षांपूर्वीं रंगविलेल्या लहानशा प्रार्थनामंदिरासाठीं. गतवर्षीं कन्या-जावयांकडे मिलान येथें कांहीं दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं पाडुआस एक सबंध दिवस दिला, तो मात्र या दोहोंपैकीं कशासाठींही नव्हे. मनुष्याच्या छातींत अहोरात्र चालणारें जें यंत्र, त्याची खरी ओळख जगास ज्या गांवांत होऊं लागली तें गांव प्रत्यक्ष पाहावें, अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. त्या इच्छेस कारणही तसेंच होतें; तें ओघानें पुढें येईलच.

पाडुआ हें शहर पायीं हिंडण्याजोगें आहे. रस्त्यांच्या दुतर्फा कमानींचे छायापथ आहेत. त्यांतून ऊन-पाऊस न लागतां मैलभर चालतां येतें. सायकलींवरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची वर्दळ पाहून हें विद्यापीठाचें गांव आहे हें कोणी सांगावें लागत नाहीं. हें विद्यापीठ इ. स. १२२२ मध्यें स्थापन झालें. त्या सुमारास आपल्याकडे देवगिरीस सिंघण यादव राज्य करीत होता आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हावयास अजून पन्नासांहून अधिक वर्षें होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या प्राचीनत्वाची कल्पना येते.

विद्यापीठाच्या मुख्य वाड्यास ‘बो’ म्हणतात. तेथें पूर्वीं एक धर्मशाळावजा खाणावळ होती व तिच्या पाटीवर बैल होता. त्या बैलाचें नांव वाड्यास चिकटलें तें कायमचें. हा ‘बो’ म्हणजे लॅटिन भाषेंतील ‘बोस्’, आणि ‘बोस्’ म्हणजे आपल्या संस्कृतांतील ‘गो’ शब्दाचा सख्खा भाऊ! परक्या देशांत असा एखादा आप्त भेटला म्हणजे जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास जो आनंद होतो, तो आम्हांस झाला. चौकांत शिरतांच भिंतींवर शेंकडों रंगीत ढाली दिसतात. येथें शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांचीं ती कुलचिन्हें होत. जिन्याच्या पायथ्याशीं एलेना कोर्नारो या विदुषीची मूर्ति आहे. इ. स. १६७८ मध्यें तत्त्वज्ञानाची ‘डॉक्टर’ ही पदवी तिनें येथें मिळविली व असा मान मिळविणारी ती पहिली स्त्री मानली जाते. आमच्या कन्येनें त्या मूर्तीपाशीं आम्हांस बराच वेळ थांबविलें, तें योग्यच झालें.

वरच्या मजल्यावर ‘चाळीसांचें दालन’ आहे. येथें शिकून पुढें कीर्तिमान् झालेल्या चाळीस परदेशीय विद्यार्थ्यांचीं चित्रें तेथें लाविलीं आहेत व गॅलिलिओ ज्यावर उभा राहून शिकवीत असे तें लांकडी व्यासपीठही तेथेंच ठेविलें आहे. त्या चाळीसांत विल्यम हार्वे हा इंग्रज आहे. २५ एप्रिल १६०२ रोजीं त्यानें या विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेतली. आमचें यात्रेचें दैवत म्हणाल तर हेंच.

परंतु हार्वेकडे वळण्यापूर्वीं, तो जेथें उभा राहून शिकला ती जागा वाचकांस दाखविली पाहिजे. फाब्रिसियस या शारीरशास्त्राच्या अध्यापकाच्या काळीं, १५९४-९५ मध्यें, बांधलेलें शारीरमंदिर अद्यापि जसेंच्या तसें उभें आहे. अशा कायमच्या मंदिरांपैकीं आज शिल्लक असलेलें हें जगांतील सर्वांत जुनें होय. पाहणारांस आज खालच्या बाजूनें, म्हणजे पूर्वीं जेथें मेजावर प्रेत ठेवीत असत तेथून, वर पाहावें लागतें. लांबट वर्तुळाकार असे सहा कठडे एकावर एक रुंदावत गेले आहेत. आपल्याकडील एखाद्या बारवेच्या तळाशीं उभें राहून वर पाहावें, किंवा मोठ्या नरसाळ्याच्या नळींतून वर पाहावें, तसें वाटतें. कठडे अक्रोडाच्या लांकडाचे, सुंदर कोरलेले. बसावयास जागा मुळींच नाहीं. खिडक्याही मूळच्या नव्हेत. थंडीच्या दिवसांत, मेणबत्त्यांच्या उजेडांत, दोनतीनशें विद्यार्थी या कठड्यांवर ओणवून तासन् तास खालीं पाहत उभे राहत.

“येथें उभें राहवत नाहीं,” असें म्हणून सौ. बाहेर जाऊं लागल्या. आम्ही म्हणालों, “तीनशें मुलें येथें उभीं राहिलीं म्हणून तर आज आपण दोघें उभीं आहोंत!” त्यावर त्या थांबल्या, आणि मग आमच्याइतकेंच निरखून पाहूं लागल्या.

या मंदिराचें खरें महत्त्व त्याच्या कोरीव कामांत नाहीं. युरोपांतही पूर्वीं शारीरशास्त्र शिकविण्याची रीत अशी कीं, अध्यापकानें उंच आसनावर बसून गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याची पोथी वाचावी आणि खालीं एखाद्या न्हाव्यानें प्रेत चिरून दाखवावें. पोथी व प्रेत यांत विरोध दिसला तर दोष प्रेताचा मानीत! १५३७ मध्यें वेसालियस हा अवघ्या तेवीस वर्षांचा तरुण पाडुआस अध्यापक झाला. तो आसनावरून खालीं उतरला, शस्त्र स्वतः हातीं घेतलें, आणि जें दिसलें तें सांगूं लागला. १५४३ मधील त्याच्या महाग्रंथानें गॅलेनच्या कित्येक चुका उघड केल्या. पोथी हातांत घेऊन आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या मनुष्यास, आसनावरून उतरण्याच्या त्या चार पायऱ्या किती अवघड असतील याची कल्पना आहे.

गॅलेनचें मत असें होतें कीं, रक्त यकृतांत उत्पन्न होतें, भरती-ओहोटीप्रमाणें शरीरांत पसरतें व तेथेंच जिरतें. आणि हृदयाच्या मधल्या पडद्यास अदृश्य छिद्रें असून त्यांतून तें एका बाजूकडून दुसरीकडे पाझरतें. सुमारें चौदाशें वर्षें हें मत चाललें. तेराव्या शतकांत इब्न अल्-नफीस या अरब वैद्यानें, असें छिद्र नाहीं, रक्त फुप्फुसांतून फिरून येतें, असें लिहून ठेविलें होतें. पण युरोपास त्याचा पत्ता नव्हता. पाडुआंत वेसालियसच्या मागून शिकविणाऱ्या कोलोम्बोनें १५५९ मध्यें तीच गोष्ट सांगितली. फाब्रिसियसनें नीलांमधील, म्हणजे अशुद्ध रक्त वाहणाऱ्या शिरांमधील, लहान लहान झडपा विद्यार्थ्यांस दाखविल्या व १६०३ मध्यें त्यांवर पुस्तक लिहिलें. परंतु रक्त एकदम पायांकडे धांवूं नये म्हणून निसर्गानें त्या ठेविल्या असाव्यात, एवढाच अर्थ त्यानें लाविला. झडपा गुरूनें पाहिल्या. त्या एकाच बाजूस कां उघडतात हा प्रश्न शिष्याच्या मनांत राहिला.

तो शिष्य हार्वे. लंडनास परत गेल्यावर त्यानें पुष्कळ वर्षें प्रयोग केले आणि १६२८ मध्यें बहात्तर पृष्ठांचें एक लहानसें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य युक्तिवाद एखाद्या शाळामास्तरानें फळ्यावर मांडावा असा आहे. हृदयाच्या एका ठोक्यास थोडेंसेंच रक्त बाहेर पडतें असें धरा, अर्ध्या तासांत हजाराहून अधिक ठोके पडतात, गुणाकार करा. जें उत्तर येतें तितकें रक्त सबंध शरीरांत नसतें, व तितकें अन्न कोणी खातही नाहीं. तेव्हां तेंच रक्त पुन्हां पुन्हां फिरत असलें पाहिजे! आजचे आंकडे घेतले तर ठोक्यास सुमारें सत्तर मिलिलिटर, मिनिटास सत्तर ठोके, म्हणजे मिनिटास जवळजवळ पांच लिटर. आणि मोठ्या माणसाच्या अंगांत एकंदर रक्त असतें तेंही सुमारें पांच लिटरच. सर्व रक्त मिनिटाभरांत एक प्रदक्षिणा पुरी करतें. रोहिणींतून गेलेलें रक्त नीलांत कसें येतें हें मात्र हार्वेस दिसलें नाहीं. तो गेल्यावर चार वर्षांनीं, १६६१ मध्यें, माल्पिघीनें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झालें.

येथें आपल्या वाचकांच्या मनांत एक प्रश्न येईल, व तो आमच्याही मनांत आला. आपल्या पूर्वजांस यांतलें काय ठाऊक होतें? बृहदारण्यकांत हृदय शब्दाचीं तीन अक्षरें वेगळीं करून, आणणें, देणें आणि जाणें अशा अर्थांच्या धातूंशीं त्यांचा संबंध जोडला आहे. तेवढ्यावरून रक्ताभिसरणाचा शोध आमचाच, असें कांहीं मंडळी मोठ्या आवेशानें सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. तेथें विषय ब्रह्माचा आहे, रक्ताचा नव्हे; आणि उपनिषदास शरीरशास्त्राच्या परीक्षेस बसविण्यांत त्याचा गौरव नाहीं. आपला खरा मान दुसरीकडे आहे. चरकानें हृद्रोगाचे पांच प्रकार वर्णिले आहेत. चक्रदत्तानें हृद्रोगावर अर्जुनसादडीच्या सालीचें दूध सांगितलें आहे. आणि सुश्रुतानें तर, ज्यास शस्त्रवैद्य व्हावयाचें आहे त्यानें प्रेत पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें, मग वाळ्याच्या व बांबूच्या कुंच्यांनीं एकेक थर हळूहळू खरवडून आंतील अवयव स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावेत, असा स्पष्ट विधि दिला आहे. जें वेसालियसनें केलें तें करण्याची आज्ञा आमच्या पोथींत हजार वर्षें आधींच होती! पुढें विटाळाच्या भयानें हात आखडला, आणि आज्ञा तेवढी पाठ राहिली. ती पुन्हां पाळली गेली १८३६ सालीं कलकत्त्यास. आणि ती पाळणारे पंडित मधुसूदन गुप्त हे संस्कृत पाठशाळेंत वैद्यक शिकविणारेच होते, ही गोष्ट आम्ही अभिमानानें सांगतों.

असो. पुन्हां पाडुआकडे वळूं. हृदय कसें चालतें हें कळलें, तरी तें बिघडतें कसें हें कळावयास आणखी दीड शतक जावें लागलें. त्यांतही या गांवाचा वांटा मोठा. येथील अध्यापक सान्तोरिओ यानें लंबकाच्या दोरीची लांबी कमीजास्त करून नाडीची गति मोजण्याचें साधन केलें. ज्या काळीं सेकंद दाखविणारें घड्याळ नव्हतें, त्या काळची ही युक्ति. पुढें मोर्गान्यि यानें १७१५ पासून मरेपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षें, येथें शारीरशास्त्र शिकविलें. रोगी जिवंत असतांना काय म्हणत होता हें टिपून ठेवावयाचें, आणि मृत्यूनंतर देह उघडून त्याचें कारण शोधावयाचें, हा त्याचा क्रम. अशा सुमारें सातशें रोग्यांची हकीकत त्यानें १७६१ मध्यें, वयाच्या एकूणऐंशीव्या वर्षीं, प्रसिद्ध केली. नाडी अत्यंत मंद होऊन मूर्च्छा येणाऱ्या रोग्यांचें वर्णन त्यांत आहे. आज अशा रोग्यांस ‘पेसमेकर’ बसवितात. रोग म्हणजे अंगभर पसरलेला दोषांचा कोप नव्हे, त्यास देहांत एक ठिकाण असतें, हा विचार त्या ग्रंथानें रूढ केला.

त्यानंतर सातच वर्षांनीं, १७६८ मध्यें, लंडनच्या हेबर्डन या वैद्यानें आपल्या सहव्यवसायी मंडळींपुढें एक निबंध वाचला. चालतांना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छातींत दाटून येतें, जीव जातो असें वाटतें. आणि उभें राहिलें कीं तें सर्व नाहींसें होतें. या दुखण्यास त्यानें ‘अंजायना पेक्टोरिस’ असें नांव दिलें. हृदयासच रक्त पुरविणाऱ्या रोहिणी कठीण व अरुंद होतात हें त्याचें कारण पुढें उलगडत गेलें.

हीं वाक्यें आम्हीं प्रथम वाचलीं तेव्हां पुस्तक मिटून ठेवावें लागलें. आमचे थोरले बंधू कोंकणांतील घरीं राहत. १९८६ च्या मार्गशीर्षांत, घाटी चढून देवळांत जातांना त्यांची छाती दाटूं लागली; पाखाडीवर घटकाभर बसलें कीं बरें वाटे. वात झाला असें सर्वांनीं ठरविलें. ओंवा झाला, हिंग झाला, विटेचा शेक झाला. विद्युल्लेख काढण्याचें यंत्र तालुक्याच्या गांवीं होतें. पण वातासाठीं तालुक्यास कोण जातो? तीन आठवड्यांनीं एके पहांटे अंगणांत त्यांनीं छातीवर हात ठेविला, तो तसाच राहिला. वय अवघें त्रेचाळीस. जें दुखणें एका वैद्यानें दोनशें अठरा वर्षांपूर्वीं शब्दशः लिहून ठेविलें होतें, तें आमच्या शिकलेल्या घरांत कोणास ओळखूं आलें नाहीं. घरांत पोथ्या होत्या, पंचांग होतें, वैद्यकाचा गुटकाही होता. पाहणें तेवढें राहून गेलें.

उपचारांचा इतिहासही पाहण्याच्या साधनांचाच इतिहास आहे. हॉलंडांत लायडन येथें आइंथोव्हेननें विसाव्या शतकाच्या आरंभीं हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख काढला. रोग्याचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवावें लागे. १९२९ मध्यें जर्मनींत फोर्समान या तरुण डॉक्टरानें कोपराजवळील नीलेंतून एक बारीक नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत सरकविली, तशाच स्थितींत तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला, आणि छायाचित्र काढून घेतलें. वरिष्ठांनीं त्यास नांवें ठेविलीं. सत्तावीस वर्षांनीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. ग्र्युंत्सिग यानें घरच्या स्वयंपाकाच्या मेजावर फुग्याच्या नळ्या बनविल्या आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें एका जाग्या रोग्याची तुंबलेली हृद्रोहिणी त्या फुग्यानें उघडली.

त्या झुरिचच्या फुग्याचे आम्हीही ऋणी आहोंत. बंधूंच्या पश्चात् एकतीस वर्षांनीं तीच कळ आमच्या छातींत उठली. या वेळीं घरांतील कोणीं ओंवा काढला नाहीं. तासाभरांत आम्ही रुग्णालयांत होतों. मनगटांतून तार गेली, फुगा फुगला, ‘स्टेंट’ नांवाची जाळीची नळी बसली. आणि हें चाललें असतां बाजूच्या पडद्यावर आमचेंच हृदय आम्हांस दिसत होतें. पाडुआच्या कठड्यांवर ओणवून ज्या मुलांनीं मेलेल्या हृदयाचा अभ्यास केला, त्यांच्या कृपेनें आम्हीं आपलें जिवंत हृदय पाहिलें. पाडुआस येण्याची ओढ लागली ती तेव्हांपासून.

‘बो’च्या वाड्यांत वैद्यकाच्या दालनांत कांहीं कवट्या कांचेआड मांडलेल्या आहेत. त्या गुन्हेगारांच्या नव्हेत. आपला देह अभ्यासासाठीं देऊन गेलेल्या येथील अध्यापकांच्या आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे देह उघडले, शेवटीं स्वतःचाही दिला. त्या कांचेपुढें आम्हीं हात जोडले, तेव्हां मार्गदर्शक बाई किंचित् चकित झाल्या. पण त्यांनीं आम्हांस घाई केली नाहीं.

तेथून चालत थोड्याच अंतरावर पाडुआचें मोठें रुग्णालय आहे. १४ नोव्हेंबर १९८५ रोजीं विन्चेन्झो गाल्लुच्चि यांनीं तेथें इटलींतील पहिलें हृदयारोपण केलें. हें वाचकांस सांगतांना आपल्या मुंबईचें स्मरण होतें. दक्षिण आफ्रिकेंत बर्नार्ड यांनीं जगांतील पहिलें मानवी हृदयारोपण केलें तें ३ डिसेंबर १९६७ रोजीं. त्यास तीन महिनेही झाले नव्हते तोंच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तें धाडस केलें. रोगी कांहीं तासच जगला. नवें हृदय शरीरानें परकें समजून नाकारूं नये यासाठीं लागणारीं औषधें तेव्हां जगांत कोठेंच पुरेशीं नव्हतीं. आपल्या देशांत यश आलें तें १९९४ मध्यें, दिल्लीस. परंतु फसलेला पहिला प्रयत्न हा यशस्वी प्रयत्नाचा पाया असतो, हें शाळेंत मुलांस शिकविलें तें खोटें नव्हे.

व्हेनिसला जाणाऱ्या आपल्या मंडळींनीं एक सकाळ पाडुआसाठीं राखून ठेवावी. ‘बो’चा वाडा मार्गदर्शकाबरोबरच पाहतां येतो, म्हणून वेळ आधीं ठरवून ठेवावी. आणि ज्यांना इतक्या दूर जाण्याचा योग नाहीं त्यांनीं घरींच एक नेम करावा. चढावर छाती दाटली, थांबल्यावर मोकळी झाली, तर वातापित्ताचा निवाडा घरांत न करतां डॉक्टरांकडून विद्युल्लेख काढून घ्यावा. बसल्या जागीं छाती आवळून आली, घाम सुटला, कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत गेली, तर दिवस-रात्र न पाहतां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. स्त्रियांस पुष्कळदां नुसता दम लागतो किंवा मळमळतें; घरांतील सर्वांचें झाल्यावर आपलें पाहूं, असें त्यांनीं म्हणूं नये व घरच्यांनीं म्हणूं देऊं नये. सुश्रुतानें सांगितलेलें डोळ्यांनीं पाहणें आजच्या गृहस्थाश्रमांत एवढ्या रीतीनें तरी प्रत्येकास पाळतां येईल.